मज्जारज्जूला मार लागल्यानंतर: पुनर्वसन वॉर्डातले दिवस कसे वापरायचे

ऑपरेशन होतं, मणक्यात स्क्रू-रॉड बसतात, टाके निघतात आणि राउंडला आलेले डॉक्टर सांगतात, "आमचं काम झालं, आता फिजिओ चालू ठेवा." बरीच कुटुंबं इथूनच पेशंटला घरी नेतात. रोज तासभर घरी येणारा फिजिओथेरपिस्ट शोधतात. आणि काही आठवड्यांनी माकडहाडावर तळहाताएवढी जखम, अंगात ताप आणि लघवीत पू घेऊन परत कॅज्युअल्टीत उभी राहतात. पुनर्वसनासाठी भरती व्हायचं म्हणजे फक्त जास्त फिजिओ मिळवायची, या समजातून हे घडतं.

वॉर्डात व्यायाम असतोच. पण तिथे खरं शिकायचं असतं ते लघवी, शौच, कातडी आणि चाकाची खुर्ची सांभाळायला. पाय हलत नाहीत म्हणून कोणी दगावत नाही. या चार गोष्टी बिघडल्या की दगावतात. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक लघवीचा जंतुसंसर्ग आणि पाठीच्या जखमांनीच गेले. १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविल इथे अशा पेशंटसाठी वेगळा विभाग सुरू केला. त्यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायचा आणि लघवीची काटेकोर काळजी घ्यायचा नियम घातला, आणि माणसं जगू लागली. आजच्या वॉर्डाची घडी मुळात तीच आहे.

हा लेख पेशंटसाठी आहे आणि त्याच्या उशाशी राहणाऱ्यासाठीही. डोस, नळीचा आकार, ब्रेस (मणक्याला आधार देणारा पट्टा) किती दिवस घालायचा, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. क्रम आणि कारणं मात्र तुम्हाला ठाऊक हवीत.

भरती होण्याआधी

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. पुण्यात खडकीला सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. राज्याबाहेर दिल्लीच्या वसंत कुंजमधलं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही दोन नावं नेहमी निघतात. दिल्लीचं केंद्र उभारणारे मेजर एच. पी. एस. अहलुवालिया १९६५ मध्ये एव्हरेस्ट चढले आणि त्याच वर्षीच्या युद्धात मणक्याला गोळी लागून खुर्चीवर आले. वेल्लोरचा पुनर्वसन विभाग उभा केला डॉ. मेरी वर्गीस यांनी. त्यांचाही कमरेखालचा भाग मोटार अपघातात लुळा पडला होता. शिवाय मोठ्या शहरांत खासगी केंद्रं आहेत, चांगली आणि नुसती चकचकीत अशी दोन्ही प्रकारची.

चकचकीत आणि चांगलं यातला फरक फोनवरही कळतो. विचारा: स्वच्छ नळीने दिवसातून ठरावीक वेळा लघवी काढायला शिकवता का? ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे) रोज असतात का? खुर्ची माप घेऊन देता का? सोबतच्या माणसाला शिकवता का? डिस्चार्जच्या आधी दोन दिवस घरी राहून बघायची सोय आहे का? पहिल्याच प्रश्नाला "आमच्याकडे रोबोटिक मशीन आहे" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे चौकशी करा.

बॅग भरताना डिस्चार्ज कार्डाइतकाच ऑपरेशन नोट्सचा कागद महत्त्वाचा. कोणते मणके जोडले आणि ब्रेस किती आठवडे, हे त्यातच असतं. कपडे सैल, सुती, नाडीचे. मागच्या खिशाची जीन्स नको, कारण खिशाच्या जाड शिवणीनेही जखम होते. बूट एक नंबर मोठे घ्या, पाय सुजतात. हातात धरायचा आरसा आणि एक जाड वही घ्या.

अंगावर कुठे जखम असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा. "भरती करून घेणार नाहीत" या भीतीने लपवलेली जखम दुसऱ्या दिवशी सिस्टरांना दिसतेच, आणि मधली रात्र त्याच बाजूवर जाते.

पहिला आठवडा: मार कुठे आणि किती

डॉक्टर टाचणी आणि कापूस घेऊन डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक पट्ट्यातली जाणीव तपासतात, ठरावीक स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात, आणि शेवटी गुदद्वारात बोट घालून तिथली जाणीव आणि आकुंचन बघतात. या शेवटच्या तपासणीला पेशंट संकोचतात, नातेवाईक चिडतात. पण मार पूर्ण की अपूर्ण, हे तिथेच ठरतं. मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंत काही निरोप पोचत असेल तर मार अपूर्ण आणि सुधारणेला जास्त वाव. याची श्रेणी ए ते ई अशी लिहितात. ए म्हणजे पूर्ण मार, ई म्हणजे तपासणीत सगळं नॉर्मल. तुमची पातळी आणि श्रेणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पातळीवरून ढोबळ अंदाज येतो. सी म्हणजे मान, टी म्हणजे छाती, आणि आकडा वरून खाली मोजतात. सी-५ ला कोपर वाकतो, सी-६ ला मनगट वर उचलता येतं, सी-७ ला कोपर सरळ करण्याची ताकद असते आणि स्वतःचं अंग पलंगावरून खुर्चीत ढकलता येऊ लागतं. छातीच्या पातळीखाली मार असेल आणि हात शाबूत असतील, तर खुर्चीवरून जवळपास सगळं स्वतः करता यायला हवं. कमरेच्या पातळीला असेल तर कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आणि कुबड्यांवर थोडं चालणं शक्य होतं.

आणि तो प्रश्न: "चालायला कधी लागेल?" विचारा, जरूर विचारा, पण डॉक्टरांना विचारा आणि सरळ उत्तर मागा. नैसर्गिक सुधारणेचा मोठा भाग पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या सहा महिन्यांत होतो. अपूर्ण मार असलेले बरेच जण पुन्हा काही प्रमाणात चालतात. ए श्रेणीतले फार थोडे. पेशंटपासून हे लपवायची आपल्याकडे घरोघरी रीत आहे. "त्याला सांगू नका, खचेल," म्हणून काका डॉक्टरांना बाहेर बोलावून घेतात. पेशंट खचतो हे खरं. पण "महिन्यात चालेन" या आशेवर नळी शिकायचं टाळलेला पेशंट तीन महिन्यांनी जास्त खचतो, आणि तेव्हा शिकवायला कोणी जवळ नसतं.

कातडी

जाणीव गेलेल्या जागी बूड अवघडत नाही, टाच दुखत नाही, म्हणून माणूस आपसूक हलत नाही. हाडाखालची कातडी दाबली जाते, रक्त थांबतं आणि काही तासांत आतलं मांस मरू लागतं. वर जे दिसतं ते टोक, आतला खड्डा त्याच्या कितीतरी पट मोठा.

पलंगावर दर दोन तासांनी कूस बदला: पाठ, डावी, उजवी. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा पालथं झोपायची सवयही लावा. एअर बेड असला तरी कूस बदलायची असतेच. हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटरीखाली उशी अशी ठेवा, की टाचा हवेत राहतील. सरकवताना ओढू नका, चादरीसकट उचला. रात्री दोनचा अलार्म कोणाचा आणि चारचा कोणाचा, हे संध्याकाळीच ठरवा. नाइटच्या सिस्टर एक आणि वॉर्डात पेशंट वीस, हे ध्यानात ठेवा. वॉर्डातल्या मामा-मावशींकडून कूस बदलण्याची पद्धत शिकून घ्या. खांदा आणि कंबर एकाच वेळी, लाकडाच्या ओंडक्यासारखी फिरवण्याची सफाई त्यांच्या हातात असते.

खुर्चीत बसू लागल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी बुडावरचा भार काढायचा. हातांवर जोर देऊन क्षणभर उठणं पुरत नाही, खांदेही झिजतात. पुढे झुकून छाती मांड्यांकडे न्या किंवा एकेका बाजूला झुका, आणि दोनेक मिनिटं तसेच राहा. मोबाइलमध्ये टाइमर लावा.

सकाळ-संध्याकाळ आरशाने तपासा: माकडहाड, बसायची हाडं, मांडीच्या बाहेरचं हाड, घोटे, टाचा, आणि आडवं राहणाऱ्यांचं डोक्याचं मागचं हाड. डाग दिसला तर बोटाने दाबा. रंग फिका पडून परत आला तर ठीक. तसाच राहिला तर ती जखमेची सुरुवात आहे, आणि त्या जागेवर पूर्ववत होईपर्यंत भार बंद. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा काळपट लागते का.

दोन गोष्टी बंद करा. बुडाखाली हवेची गोल रिंग: तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो. आणि हाडावर स्पिरिट-पावडर चोळणं: जुन्या वॉर्डांची ही लाडकी सवय कातडी कोरडी करते आणि खालचं नाजूक मांस घासते.

भाजणंही याच प्रकरणात येतं. गरम पाण्याची पिशवी, मांडीवर ठेवलेला लॅपटॉप किंवा चहाचं भांडं, उन्हात तापलेली गाडीची सीट. बादलीतलं पाणी अंगावर घेण्याआधी जाणीव असलेल्या हाताने बघायचं.

लघवी

बहुतेक जण वॉर्डात येतात ते फोली नळी (मूत्राशयात कायम ठेवलेली) आणि पिशवी घेऊन. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली राहायला हवी. खुर्चीतून फिजिओला नेताना ती सोयीसाठी मांडीवर ठेवतात आणि पिशवीतली शिळी लघवी नळीतून उलटी आत जाते. लिफ्टच्या रांगेत एकदा आजूबाजूला बघा, प्रत्येक दुसऱ्या खुर्चीत हेच दिसेल.

प्रकृती स्थिरावली, सलाइन थांबलं, की ही नळी काढून ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालायची पद्धत सुरू करतात. वॉर्डात तिला सीआयसी म्हणतात. १९७२ साली अमेरिकेतले यूरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडस यांनी दाखवलं, की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. हात आणि नळी स्वच्छ हवी आणि मूत्राशय वेळेवर रिकामं व्हायला हवं. तुंबलेलं, ताणलेलं मूत्राशय हेच संसर्गाचं आणि किडनी बिघडण्याचं मोठं कारण. म्हणून सिस्टरांच्या देखरेखीखाली हे स्वतःच्या हाताने शिका:

१. सामान हाताशी मांडा: नळी, जेली, मोजपात्र, ओला स्वच्छ कपडा. बायकांनी सुरुवातीला आरसाही.

२. हात साबणाने नीट धुवा, नखांसकट. लघवीची जागा पुसा. बायकांनी पुढून मागे.

३. नळीच्या टोकाला भरपूर जेली लावा. इथे काटकसर केली की आतून खरचटतं.

४. पुरुषांनी शिस्न पोटाच्या दिशेने वर उचलून धरायचं म्हणजे मार्ग सरळ होतो. नळी हळूहळू सरकवा. लघवी येऊ लागली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत. बायकांचा मार्ग जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा असतो.

५. मध्ये अडली तर जोर लावू नका. थांबा, लांब श्वास सोडा, पुन्हा हलकेच प्रयत्न करा. रक्त आलं किंवा जातच नसेल तर सिस्टरांना बोलवा.

६. धार थांबल्यावर नळी थोडी थोडी बाहेर घ्या. मध्ये पुन्हा धार आली तर थांबा. पूर्ण रिकामं झाल्यावर काढा.

७. मोजा आणि वहीत लिहा: वेळ, किती मिली, मध्ये गळती झाली का, किती पाणी प्यायलं.

साधारण दर चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी ५०० मिलीच्या आत. सतत जास्त येत असेल तर वेळ कमी करा किंवा पाण्याचं वेळापत्रक बदला. दिवसभरात साधारण दोन लिटर, घोट घोट विभागून, आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता. "पाणीच कमी पितो म्हणजे कटकट नको" हा उपाय मुतखड्याकडे नेतो. नळी एकदा वापरून टाकणं उत्तम. खर्चामुळे पुन्हा वापरणार असाल, तर धुण्या-वाळवण्याची नेमकी पद्धत वॉर्डातच शिकून घ्या.

ओटीपोट दाबून लघवी काढायचा सल्ला शेजारच्या कॉटवरून मिळतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. खालचा झडपेचा स्नायू बंद असताना वरून दाब दिला, तर लघवी किडनीकडे चढते.

आणखी एक. नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू जवळपास नेहमीच सापडतात. ताप, थंडी, नव्याने गळती, पायांतले वाढलेले झटके, गढूळ आणि उग्र वासाची लघवी अशी लक्षणं नसतील, तर नुसता कल्चर रिपोर्ट (लघवीतल्या जंतूंची तपासणी) बघून अँटिबायोटिक घेऊ नका.

शौच

यावर कोणाला बोलायचं नसतं, आणि घराबाहेर पडणं थांबतं ते मुख्यतः यामुळेच. लग्नात, बसमध्ये, कामाच्या ठिकाणी कपडे खराब होतील या धास्तीने माणूस स्वतःला खोलीत कोंडून घेतो. म्हणून डिस्चार्जच्या आधी ही घडी बसलीच पाहिजे.

ठरावीक वेळ निवडा, घरी गेल्यावर जमेल अशी. चहा-नाश्त्यानंतर वीस ते तीस मिनिटांनी आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्या. शक्य तितक्या लवकर पलंगावरून कमोड खुर्चीवर या. बसल्याने निम्मं काम होतं. झोपूनच करावं लागलं तर डाव्या कुशीवर.

मार वरच्या पातळीचा असेल तर गुदद्वाराचा प्रतिक्षेप (स्पर्शाने आपोआप होणारी हालचाल) शाबूत असतो. हातमोजा, जेली, मग सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) आतल्या भिंतीला टेकवून ठेवायची. शौचाच्या गोळ्यात खुपसली तर वाया जाते. काही वेळाने बोट हलकेच गोल फिरवायचं, पंधरा-वीस सेकंद. दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा, आतडं रिकामं होईपर्यंत. मार अगदी खाली, कमरेच्या मज्जातंतूंच्या जुडग्याला असेल तर हा प्रतिक्षेप नसतो. तिथे बोटाने काढावं लागतं, आणि बहुधा रोज. आपला प्रकार कोणता हे डॉक्टरांकडून समजून घ्या, नाहीतर दुसऱ्याचं वेळापत्रक तुम्ही पाळत बसाल.

भाकरी, पालेभाज्या, फळं, पाणी. इसबगोल घेतलात आणि पाणी कमी प्यायलात तर उलट आत सिमेंट होतं. आणि खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. घरचे त्याला जुलाब समजून बंद करायची गोळी देतात आणि प्रकरण चिघळतं. दोन-तीन दिवस नीट शौच नाही आणि अचानक पातळ, असं झालं तर आधी बोटाने तपासायला सांगा.

टी-६ किंवा त्याच्या वर मार असेल तर हे पाठ करा

मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या मारानंतर नेहमीचा रक्तदाब कमी असतो, वरचा आकडा ९० ते ११० च्या घरात. बसवल्यावर तो आणखी उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पोटपट्टा, पायांना क्रेप बँडेज आणि टिल्ट टेबलवर (पेशंटला बांधून तिरका उभा करणारा पलंग) हळूहळू उभं करणं. चक्कर आली तर खुर्ची मागे कलती करून पाय वर.

याच्या नेमकं उलट संकट म्हणजे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. माराच्या पातळीखाली काहीतरी टोचतंय, तुंबलंय, पण मेंदूला ते कळत नाही. शरीर मात्र रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर आणि मानेवर घाम व लाली, नाक चोंदणं, अंगावर काटा. ज्याचा नेहमीचा दाब १०० आहे त्याला १४० हासुद्धा धोक्याचा आकडा असू शकतो, आणि ही गोष्ट गावातल्या दवाखान्यात कोणाला सुचेलच असं नाही.

करायचं ते याच क्रमाने. लगेच ताठ बसवा, पाय खाली सोडा. झोपवू नका. पट्टा, बूट, घट्ट कपडे सैल करा. नळी मुरगळली आहे का, पिशवी भरली आहे का बघा. नळी नसेल तर घालून लघवी काढा. तरी उतरत नसेल तर शौच अडकलंय का ते बघा, पण आधी बधिर करणारी जेली लावून थांबा, कारण बोटाच्या स्पर्शानेच दाब आणखी चढू शकतो. मग कातडी, नखं, टाचा, कपड्यातली एखादी पिन. दर दोन ते पाच मिनिटांनी दाब मोजा. कारण सापडलं नाही किंवा वरचा आकडा १५० च्या पुढे गेला, तर डॉक्टरांचं औषध आणि हॉस्पिटल, वेळ न दवडता. हे सगळं एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून डॉक्टरांची सही घ्या आणि खुर्चीच्या खिशात ठेवा.

अशा पेशंटना पातळीखाली घामही नीट येत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी त्यांना पत्र्याखाली बसवू नका. ओला पंचा आणि पाण्याचा स्प्रे जवळ ठेवा.

हात, खांदे, आणि नातेवाइकांचं मालीश

सी-६ पातळीच्या पेशंटची बोटं हलत नाहीत, पण मनगट वर उचललं की बोटांच्या शिरा (रक्तवाहिन्या नव्हे, स्नायूंचे दोर) ताणल्या जाऊन ती आपोआप मिटतात. खाली सोडलं की उघडतात. या ओढीवर माणूस चमचा धरतो, नळी धरतो, मोबाइल उचलतो. ती ओढ टिकायला बोटांच्या शिरा किंचित आखूड राहाव्या लागतात. आणि इथे आई किंवा मावशी मायेने रोज तेल लावून, मनगट मागे दाबून, बोटं ताठ सरळ करत बसते. महिनाभरात पकड जाते. मनगट वर असताना बोटं मिटलेलीच ठेवा, बोटं उघडायची तर मनगट खाली सोडा. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून हे एकदा हातावर करून घ्या.

मालीशबद्दल आणखी. एक पोटरी अचानक सुजली, गरम लागली, तर चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तातडीने दाखवा. काही महिन्यांत पायांची हाडं ठिसूळ होतात, तेव्हा जोरजबरदस्तीने पाय वाकवणाऱ्या "मणक्याच्या जाणकारां"पासून लांब राहा. बगलेत हात घालून पेशंटला वर ओढू नका, खांदा निखळतो. खुर्चीवरच्या माणसाचे खांदे म्हणजे त्याचे पाय आहेत.

पायांतले झटके बघून घरचे आनंदतात, "हालचाल आली!" बहुधा ते मज्जारज्जूचे प्रतिक्षेप असतात. अचानक वाढले तर लघवी, शौच, जखम, नख रुतणं यांपैकी काहीतरी बिघडलंय. बॅक्लोफेन (झटके कमी करणारं औषध) चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नका, त्याने फिट येऊ शकतात.

खुर्ची आणि घर

दुकानातली सरसकट १८ इंची घडीची खुर्ची, किंवा कोणी दान दिलेली, ही स्ट्रेचरसारखी दोन तासांपुरती ठीक. त्यात रोज दहा तास बसणारा माणूस एका बाजूला कलतो आणि त्या बाजूला जखम होते. रुंदी कमरेच्या मापाला धरून, गुडघ्यामागे सीटपासून दोन-तीन बोटं जागा, हात टेकायचे दांडे काढता येणारे, आणि चांगली गादी. पैसे कमी असतील तर खुर्ची साधी घ्या, गादीत तडजोड नको.

पलंगावरून खुर्ची, खुर्चीतून कमोड, खुर्चीतून रिक्षा. ही बदली फळीवर सरकून रोज करा. ब्रेक लावले का, पायाच्या पट्ट्या बाजूला केल्या का, चाकावर कुल्ला घासत नाही ना, हे दर वेळी.

घराची मापं पहिल्याच आठवड्यात मागवा. भावाला टेप घेऊन पाठवा आणि फोटो काढायला सांगा. दरवाजा किमान ३२ इंच मोकळा हवा. संडासाचा दरवाजा बहुतेक घरांत त्याहून अरुंद असतो; कवाड काढून पडदा लावला की दीड-दोन इंच मिळतात, किंवा चाकांची अरुंद कमोड खुर्ची भारतीय बैठकीवर सरकवता येते. उंबऱ्याला उताराचं प्रमाण एकास बारा: सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार. चाळीत सामाईक संडास असेल किंवा लिफ्ट नसलेला तिसरा मजला असेल, तर खाली भाड्याने घर बघण्याचा निर्णय डिस्चार्जच्या दिवशी होत नाही, त्यामुळे आताच बोला. कोकणात माडावरून, आंब्यावरून पडलेल्यांच्या घरांना अंगण मोकळं असतं पण घरापर्यंतची वाट पायऱ्यांची. तिथे वाटेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मन, नवरा-बायको, आणि स्टेम सेल

वॉर्डात समुपदेशक असतील तर भेटा. नसतील तर खुर्चीवर येऊन दहा वर्षं झालेल्या कोणाशी तरी तासभर बोला, ते जास्त कामाला येतं. थेरपिस्टला सांगितलं तर ते ओळख करून देतात. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले, हे सगळ्यांना सांगितलं जातं. पण रोज सकाळी नळी घालून दुकान उघडणारा माणूस भेटला की पेशंट प्रश्न विचारू लागतो.

शरीरसंबंधांबद्दल डॉक्टर आपणहून क्वचित बोलतात, तुम्हीच विचारा. बायकांची पाळी काही महिने थांबून पुन्हा सुरू होते आणि मूल होऊ शकतं. त्यामुळे गर्भनिरोधनाचाही विचार लागतो. पुरुषांसाठी औषधं आणि वीर्य मिळवायच्या वैद्यकीय पद्धती आहेत. कोणतीही गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं विकणाऱ्यांचा फोन तुम्हाला येणारच. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या मारासाठी हा मान्य उपचार नाही, आणि चाचणीच्या नावाखाली पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. शेत विकून ही इंजेक्शनं घेतलेल्या घरांत चांगली गादी घ्यायलाही नंतर पैसे उरत नाहीत.

कागदपत्रं

वॉर्डातल्या सोशल वर्करना पहिल्या पंधरवड्यातच गाठा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती सुरू होतात. रस्ते अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, सगळी बिलं जपा आणि दाव्यासाठी वकिलाला लवकर भेटा, सहा महिन्यांची मुदत आहे. कामगार असाल तर ईएसआयसी (कामगार विमा). उत्पन्न बेताचं असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजना. सरकारी नोकरीत असाल आणि साहेब राजीनामा मागत असतील तर देऊ नका: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं, की सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही आणि पदावनतही करता येत नाही.

घरी जाण्याआधी आणि नंतर

डिस्चार्जच्या आधी दोन दिवस रजेवर घरी राहून या. काय अडलं ते लिहून आणा आणि उरलेल्या दिवसांत तेवढंच शिका. आणि एक परीक्षा: नात्यातल्या नव्या माणसाला बोलावून, हात न लावता, फक्त तोंडाने सांगून पेशंटने स्वतःची कूस, नळी आणि बदली त्याच्याकडून करून घ्यायची. सी-४ चा पेशंटही ही परीक्षा पास होऊ शकतो. सगळं येणारी एकच बहीण आणि मुका पेशंट, अशी जोडी घरी पाठवू नये. ती आजारी पडली की घर कोसळतं.

पहिली फेरतपासणी साधारण महिना-दीड महिन्याने. त्यानंतर दरवर्षी किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), काहीही त्रास नसला तरी. मूत्राशयाची दाबचाचणी डॉक्टर सांगतील तेव्हा. गादी दर काही महिन्यांनी हात घालून बघा, बसायच्या हाडाखाली ती तळाला टेकत असेल तर बदला. आणि काही वर्षांनीही बधिरपणा आधीच्या रेषेच्या वर चढू लागला, हाताची ताकद कमी झाली किंवा नव्या प्रकारचं दुखू लागलं, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झालेली असू शकते. तेव्हा जुन्या एमआरआयची सीडी घेऊन त्याच विभागात परत जा.